वर्गणी की हप्ता?

जर्मनीत नोकरीसाठी निघालेल्या मराठी तरुणाला आज जे सल्ले मिळतात, त्यांत एक सल्ला हमखास असतो. पगार चांगला असेल तर तिथल्या सार्वजनिक आजारनिधीच्या भानगडीत पडू नकोस, सरळ खाजगी विमा घे. तो स्वस्त पडतो, डॉक्टरची वेळ लवकर मिळते, रुग्णालयात स्वतंत्र खोली मिळते. सल्ला देणारा बहुधा दोन-चार वर्षे आधी गेलेला मित्र असतो, किंवा मित्राच्या भाषेत बोलणारा दलाल असतो. हा सल्ला खोटा नसतो, आणि नेमका म्हणूनच तो घातक असतो. अठ्ठावीस वर्षांच्या, निरोगी, अविवाहित अभियंत्यापुरता आणि काही वर्षांपुरता त्यातला हिशेब बरोबर येतो. पण तो कोणाच्या जिवावर बरोबर येतो, हा प्रश्न सल्ला देणारा विचारीत नाही आणि घेणाऱ्यालाही सुचत नाही. समाजवादी कार्यकर्त्याला मात्र तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

त्यासाठी आधी दोन साधे मराठी शब्द वेगळे करून ठेवले पाहिजेत. गावच्या उत्सवाला, तालमीला, कामगार संघटनेला माणसे देतात ती वर्गणी. ती ऐपतीप्रमाणे द्यायची असते. बागाईतदार जास्त देतो, शेतमजूर कमी देतो, आणि पंगतीला दोघे एका ओळीत बसतात. निदान बसावेत, अशी अपेक्षा असते. हप्ता ही वेगळी वस्तू आहे. तो करारातून येतो. विम्याच्या बाजारात त्याची रक्कम देणाऱ्याच्या ऐपतीवर ठरत नाही. त्या माणसापासून कंपनीला किती धोका आहे, यावर ठरते. आजारपणाचा खर्च समाजाने वर्गणीतून भागवायचा की प्रत्येकाने हप्त्यातून, हा गेल्या दीडशे वर्षांच्या कामगार चळवळीतला एक मूलभूत वाद आहे. जर्मनीत पाऊल ठेवणाऱ्या परदेशी नोकरदारापुढे तो एका छापील अर्जाच्या रूपाने येतो. अर्ज भरणाऱ्याला वाटते, आपण फक्त एक सोय निवडतो आहोत. प्रत्यक्षात तो एका जुन्या वादात एका बाजूला उभा राहत असतो.

आजारनिधीचा इतिहास

कामगारांच्या आजारविम्याचा कायदा जर्मनीत १५ जून १८८३ रोजी झाला. तो करणारा बिस्मार्क समाजवाद्यांचा मित्र नव्हता. १८७८ पासून त्याने समाजवादी संघटना, सभा आणि वृत्तपत्रे यांवर बंदी घातली होती, आणि ही बंदी १८९० पर्यंत टिकली. एका हातात दंडुका आणि दुसऱ्या हातात खाऊ, असे ते धोरण होते. पण इतिहासाला राज्यकर्त्यांचे हेतू नेहमीच मानवतात असे नाही. नव्या आजारनिधींची दोन-तृतीयांश वर्गणी कामगार भरीत आणि एक-तृतीयांश मालक. त्याच प्रमाणात कारभारातही कामगारांचे प्रतिनिधी असत. ज्या चळवळीला मोडून काढण्यासाठी हे निधी निघाले, त्याच चळवळीच्या कार्यकर्त्यांनी पुढे स्थानिक निधींचा कारभार हाती घेतला आणि हिशेब, निवडणूक, व्यवस्थापन यांचे शिक्षण तिथे घेतले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच या निधींची स्वायत्तता मोडण्यात आली, आणि ज्यू व समाजवादी डॉक्टरांना तिथून हाकलण्यात आले. कामगारांच्या पैशावर कामगारांचा ताबा ही गोष्ट हुकूमशाहीला किती खुपते, याचा हा पुरावा होय.

दोन महायुद्धे, चलनाची राख, देशाची फाळणी आणि पुन्हा एकीकरण, या सगळ्यांतून ही व्यवस्था टिकली. जर्मनीतील दर दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ आजही या वैधानिक निधींचे सभासद आहेत. तेव्हा तिला ‘सरकारी भानगड’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घेतले पाहिजे, की हे निधी सरकारी खाते नाहीत. कायद्याने बांधलेल्या, वर्गणीवर चालणाऱ्या आणि स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या त्या संस्था आहेत.

दोन हिशेब

वर्गणीचा हिशेब सरळ आहे. २०२५ साली वर्गणीचा सर्वसाधारण दर पगाराच्या १४.६ टक्के होता, आणि त्यावर निधीगणिक थोडाफार बदलणारा, सरासरी २.५ टक्के धरलेला जादा आकार होता. यातला अर्धा भाग मालक भरतो, अर्धा नोकरदार. सभासद होताना कोणी विचारीत नाही, की वय किती, मधुमेह आहे का, घराण्यात कोणाला हृदयविकार होता का. मिळवती नसलेली पत्नी किंवा पती आणि मुले यांना त्याच वर्गणीत, एक पैसाही जादा न भरता, संरक्षण मिळते. नोकरदार आजारी पडला तर पहिले सहा आठवडे मालक पगार देतो. त्यानंतर निधी ढोबळ पगाराच्या ७० टक्के, मात्र निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही, इतका आजारभत्ता देतो. एकाच आजारासाठी तीन वर्षांच्या मुदतीत ७८ आठवड्यांपर्यंत हे संरक्षण चालते. नोकरी गेली आणि बेकारभत्ता सुरू झाला, तर वर्गणीची तजवीज बेकारविम्याची यंत्रणा करते. थोडक्यात, माणसाची कमाई उतरते तशी वर्गणी उतरते; संरक्षण उतरत नाही.

खाजगी कंपनीचा हिशेब अगदी उलट दिशेने चालतो. ती पगार विचारीत नाही. वय आणि शरीराचा इतिहास विचारते. जुना दमा, पाठीचे दुखणे, मानसोपचार घेतल्याची नोंद, यांतले काही सापडले तर हप्त्यावर जादा आकार पडतो किंवा अर्ज सरळ परत येतो. पत्नीचा हप्ता वेगळा, प्रत्येक मुलाचा वेगळा. आजारपणातल्या बुडीत पगाराची भरपाई हवी असेल तर तीही वेगळी विकत घ्यायची. तरुणपणी हप्ता कमी असतो, कारण तरुण माणूस आजारी कमी पडतो; यात कंपनीचे औदार्य कोठेच नाही. म्हातारपणासाठी हप्त्यातून काही रक्कम राखून ठेवण्याची सक्ती कंपन्यांवर आहे, हे खरे. तरीही वैद्यकीय खर्च वाढत जातो तसे हप्ते वाढतात. कमाई थांबल्यावर आजारनिधीची वर्गणी कमी होते. खाजगी कंपनीचा हप्ता निवृत्तीची दखल घेत नाही.

यापुढची तरतूद सर्वांत महत्त्वाची, आणि दलाल ती सर्वांत हळू आवाजात सांगतो. ही निवड सर्वांना खुली नाही. ज्या नोकरदाराचा वार्षिक पगार ठरावीक मर्यादेच्या वर आहे, त्यालाच निधीबाहेर पडता येते. २०२५ साली ही मर्यादा ७३,८०० युरो होती. त्याहून कमी पगाराच्या कामगाराला, झाडूवाल्याला, परिचारिकेला, दुकानातल्या विक्रेत्याला निधीत राहणे सक्तीचे आहे. आणि बाहेर गेलेल्याला परतीची वाटही कायमची मोकळी नाही. पगार मर्यादेखाली आला तर पंचावन्न वर्षांपर्यंत तो निधीत परत येऊ शकतो. त्यानंतर दार बहुतेक बंद होते.

आता या दोन तरतुदी एकत्र वाचाव्यात. बाहेर पडण्याची मुभा कोणाला? जास्त कमावणाऱ्याला. बाहेर पडल्यावर खाजगी कंपनी स्वस्तात घेते कोणाला? तरुण आणि निरोगी माणसाला. म्हणजे ज्यांच्याकडून निधीला सर्वांत जास्त मिळाले असते आणि ज्यांच्यावर सर्वांत कमी खर्च झाला असता, नेमकी तीच माणसे निघून जातात. मागे राहतात कमी पगाराचे, पोराबाळांचे, जुनाट दुखण्यांचे आणि म्हातारे. मग तेच दलाल निधीकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, सार्वजनिक व्यवस्था किती महाग झाली! साय काढून घ्यायची आणि मग दूध पातळ म्हणून गवळ्याला बोल लावायचा, असला हा न्याय आहे.

या व्यवस्थेतले दोष झाकण्याचे कारण नाही. वर्गणीला वरची मर्यादा आहे. २०२५ साली ६६,१५० युरोंच्या वरच्या पगारावर वर्गणी लागत नव्हती. म्हणजे दीड लाख युरो मिळवणारा आणि सहासष्ट हजार मिळवणारा सारखीच रक्कम भरतो, आणि ‘ऐपतीप्रमाणे’ हे तत्त्व ऐपत खरी वाढते तिथेच थांबते. सरकारी सेवेतले कायम अधिकारी बहुतांशी खाजगी विम्यातच असतात, कारण राज्य त्यांच्या उपचारखर्चाचा मोठा भाग स्वतः उचलते. सर्वांना एकाच नागरिक-विम्यात आणावे ही मागणी तिथला सामाजिक लोकशाही पक्ष अनेक निवडणुकांत करीत आला, पण सत्तेच्या आघाड्यांत ती प्रत्येक वेळी बाजूला पडली. मागणी अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या नेदरलँड्सकडे पाहावे. तिथेही अशीच दुफळी होती. ती २००६ मध्ये मोडण्यात आली. विमा कंपन्या खाजगी राहिल्या, पण मूळ विमा सर्वांना सक्तीचा झाला, आणि कोणाही अर्जदाराला नाकारण्याची किंवा त्याच्या आजारावरून जास्त हप्ता आकारण्याची मुभा त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. तो समाजवाद नव्हे. पण निरोग्यांना वेगळी चूल मांडू न देणे हे भांडवली देशातही शक्य आहे, एवढे त्यातून सिद्ध होते.

‘आम्ही तर पाच वर्षांनी परत जाणार’

खाजगी विमा घेणाऱ्या परदेशी नोकरदाराची बाजू तीन मुद्द्यांत मांडली जाते, आणि तिन्ही मुद्दे प्रामाणिकपणे तपासण्याजोगे आहेत.

पहिला मुद्दा असा, की खाजगी विमेदाराला डॉक्टर लवकर भेटतो. ही वस्तुस्थिती आहे. तिचे कारण डॉक्टरांच्या दरपत्रकात आहे. खाजगी रुग्णासाठी वेगळे दरपत्रक आहे, आणि त्यातल्या मूळ दराच्या २.३ पटीपर्यंत आकारणी नेहमीची समजली जाते. निधीच्या रुग्णासाठी मिळणारे मानधन ठरावीक आणि बांधलेले असते. एकाच दवाखान्यात, एकाच दुखण्याला, दोन भाव लागले तर डॉक्टरचे दार कोणासाठी आधी उघडेल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. तेव्हा लवकर मिळालेली वेळ ही काही आकाशातून पडलेली नाही. ती रांगेतल्या दुसऱ्या माणसाची काढून घेतलेली वेळ आहे.

दुसरा मुद्दा, आम्ही पाहुणे आहोत, पाच वर्षांनी परत जाऊ. इथल्या म्हाताऱ्यांचा भार आम्ही का वाहावा? हा युक्तिवाद ऐकायला रोखठोक वाटतो, पण तो पूर्ण केला तर अंगावर येतो. ज्या रस्त्यांवरून हा पाहुणा कामाला जातो, ज्या विद्यापीठातून नाममात्र शुल्कात त्याने किंवा त्याच्या सहकाऱ्यांनी पदवी घेतली, ज्या कामगार कायद्यांमुळे त्याला सहा आठवड्यांचा आजारी पगार मिळतो, ते सर्व या म्हाताऱ्यांच्याच श्रमातून आणि लढ्यांतून उभे राहिले आहे. शिवाय पाच वर्षांची पंधरा वर्षे कशी होतात, हे परदेशातल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला विचारावे. लग्न होते, मूल होते, मुलाची शाळा सुरू होते, आणि परतीचे तिकीट पुढच्या वर्षावर ढकलले जाते. ज्या दिवशी पत्नी आणि दोन मुले यांचे तीन वेगळे हप्ते समोर येतात, त्या दिवशी स्वस्त विम्याचा अर्थ कळतो.

इथे आणखी एक सल्ला पुढे येतो, आणि तो सर्वांत लाजिरवाणा आहे. तरुणपणी खाजगी विम्यात राहावे, आणि कुटुंब वाढले किंवा पन्नाशी जवळ आली की कामाचे तास कमी करून पगार मर्यादेखाली आणावा व निधीत परत यावे. हा सल्ला देणाऱ्यांना आपण बेकायदा काही सांगत नाही याचा अभिमान असतो. कायद्याचा भंग होत नाही हे मान्य. पण पेरणीला गैरहजर आणि खळ्यावर हजर राहणाऱ्याला गावात काय म्हणतात, तेवढेच त्यांनी आठवावे. एवढे होऊनही निधी त्याला नाकारीत नाही. जे निधी निरोगी असताना त्याने झिडकारले, तेच पडत्या काळात त्याला आत घेतात. वर्गणी आणि हप्ता यांच्यातला फरक याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

तिसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. आपला पैसा, आपले शरीर, आपली निवड. जर्मनीतच जन्मलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाने या मुद्द्याचे मर्म उलगडून दाखवले आहे. अल्बर्ट हर्शमन १९१५ मध्ये बर्लिनमध्ये जन्मला, आणि १९३३ मध्ये नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचा विषय असा आहे, की एखादी संस्था खालावू लागली म्हणजे तिच्या सभासदांपुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निघून जाणे जिथे सोपे असते, तिथे दर्जाविषयी सर्वांत जागरूक असलेली, बोलू शकणारी माणसेच आधी निघून जातात. मग आवाज उठवायला कोणी उरत नाही आणि संस्था आणखी खालावते. स्वातंत्र्याची ही किंमत निघून जाणारा देत नाही. जो जाऊ शकत नाही तो देतो. चाळीस वर्षांच्या बसचालकाला असले स्वातंत्र्य नाही. पगाराच्या मर्यादेवर सुरू होणारे आणि पंचावन्नाव्या वर्षी संपणारे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे. ती सवलत आहे, आणि सवलतीला सवलत म्हणावे.

परदेशी विद्यार्थ्यांची स्थिती तर याहून नाजूक. जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या आज सर्वांत मोठी आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती ४९ हजारांच्या घरात होती. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला निधीत सवलतीच्या दराने सभासद होता येते. पण सुरुवातीच्या तीन महिन्यांत त्याने निधीतून सूट मागून खाजगी विमा घेतला, तर ती सूट संपूर्ण शिक्षणकाळासाठी बंधनकारक ठरते. भाषा न कळणाऱ्या, नुकत्याच उतरलेल्या मुलाला चार पैसे वाचतील असे सांगून त्याची सही घेणे, यात निवड कोणी केली?

ज्यांच्यापुढे अर्जच येत नाही

निवडीच्या या चर्चेत परदेशी नोकरदार म्हणजे जणू संगणक अभियंताच, असे गृहीत धरले जाते. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या गावांना विचारले तर वेगळे चित्र दिसते. तिथल्या घराघरांतून गेल्या अर्धशतकात माणसे आखातात गेली: गवंडी, वाहनचालक, स्वयंपाकी, कारकून, फिटर. त्यांच्यापुढे वर्गणी की हप्ता असा प्रश्न कधी आलाच नाही. संयुक्त अरब अमिरातीत अबुधाबीने २००५ च्या आणि दुबईने २०१३ च्या कायद्याने मालकांवर विम्याची सक्ती केली. उरलेल्या पाच अमिरातींतील खाजगी नोकरांना आणि घरकामगारांना ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, आणि त्यासाठी वर्षाला ३२० दिरहॅमचा मूळ विमा ठरवण्यात आला. सक्ती उशिरा का होईना आली, हे स्वागतार्ह आहे. मालकाने हप्ता भरावा हेही योग्यच. पण या विम्याचे स्वरूप नीट पाहावे. रुग्णालयात दाखल झाल्यास खर्चाचा काही भाग, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, कामगारानेच भरायचा आहे. आणि विमा परवान्याला बांधलेला, परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी मालकाच्या मर्जीला बांधलेली. कामगार दीर्घ आजारी पडला म्हणजे नोकरी जाते, नोकरीबरोबर परवाना जातो आणि परवान्याबरोबर विमा जातो. ज्या दिवशी छत्रीची गरज, त्याच दिवशी ती परत मागून घेतली जाते.

भारत सरकारने या कामगारांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना काढली आहे. २०१७ च्या सुधारणेनंतर तिचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये ठरला. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये. परंतु उपचारांसाठी एकूण एक लाख, आणि तेही एका वेळच्या रुग्णालयवासाला पन्नास हजारांपर्यंत. परदेशातल्या रुग्णालयात पन्नास हजार रुपये किती दिवस पुरतील, हा हिशेब योजना आखणाऱ्यांनी केला असेल असे वाटत नाही. ज्या कामगाराच्या पैशावर देशाची परकीय चलनाची गंगाजळी भरली, त्याच्या मृत्यूची किंमत राज्याने ठरवली. त्याच्या आजारपणाची जबाबदारी घेतली नाही.

श्रीमंत देशांतले सार्वजनिक आरोग्यही बाहेरच्या माणसाशी नेहमी न्यायाने वागते असे नाही. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, ती उपचाराच्या वेळी पैसे न मागण्याच्या तत्त्वावर. त्याच ब्रिटनने २०१५ मध्ये परदेशी रहिवाशांवर आरोग्य अधिभार बसवला. वर्षाला २०० पौंडांपासून सुरू झालेला हा अधिभार फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रौढ माणसामागे १,०३५ पौंडांवर गेला. तो भरणारा माणूस इतरांप्रमाणे करही भरतोच. करोनाच्या साथीत परदेशी परिचारिका रुग्णांची शुश्रूषा करीत असताना त्यांच्याकडून त्याच सेवेसाठी अधिभार घेतला जात होता. ओरड झाल्यावर २०२० मध्ये आरोग्यसेवकांना सूट मिळाली. वर्गणीतही परका आणि आपला असा भेद घालता येतो, आणि तो भेद लढूनच मोडावा लागतो.

मूळ कोठे आहे?

मग जर्मनीत गेलेला सुशिक्षित मराठी तरुण इतक्या सहजतेने हप्त्याची बाजू का घेतो? तो स्वार्थी आहे असे म्हणून भागणार नाही. वर्गणीचा अनुभवच त्याला मायदेशात मिळालेला नाही, हे खरे कारण आहे.

भारतात वर्गणीची व्यवस्था नाही असे नाही. १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली आणि १९५२ मध्ये प्रत्यक्षात सुरू झाली. जुलै २०१९ पासून तिच्यात कामगार वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कुटुंबासह उपचार मिळतात, आणि जुना आजार कोणता हे कोणी विचारीत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या दोन पिढ्या या योजनेच्या दवाखान्यांवर जगल्या. पण या योजनेलाही वेतनाची मर्यादा घातलेली आहे, आणि २०१७ मध्ये ती महिना २१ हजार रुपये ठरली. जर्मनीत मर्यादेच्या वर गेलेल्याला निदान राहायचे की जायचे हे ठरवता येते. इथे त्याला बाहेरच काढले जाते. परिणाम तोच. ज्यांच्या तक्रारीला वजन आले असते ते योजनेत नाहीत, आणि ज्यांना रांगेत उभे राहावे लागते त्यांच्या तक्रारीला वजन नाही. मध्यमवर्गासाठी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आले, आणि आरोग्य म्हणजे आपण आपल्यापुरती विकत घ्यायची पॉलिसी, हा संस्कार दोन पिढ्यांत पक्का झाला. परदेशी गेलेला अभियंता हाच संस्कार सामानाबरोबर घेऊन जातो.

आणि एक दिवस तो परत येतो. पन्नाशीत, थोडी साखर आणि थोडा रक्तदाब घेऊन. तिथल्या खाजगी कंपनीशी त्याचा संबंध संपलेला असतो. इथली कंपनी त्याला जुन्या आजारासाठी थांबायला सांगते. नियामकाने २०२४ मध्ये ही मुदत चार वर्षांवरून कमी केली, तरी ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. कोकणातला गवंडी परत येतो तेव्हा त्याला तेवढीही दारे नसतात. तो जिल्हा रुग्णालयात जातो, नाहीतर मुंबईला केईएमच्या ओसरीवर पथारी टाकतो. सरकारच्या स्वतःच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये आरोग्यावरचा शासकीय खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून दिला. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे आश्वासन दिले होते. उलट खाजगी विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर सप्टेंबर २०२५ मध्ये माफ झाला. विमा घेणाऱ्याला दिलासा मिळाला, हे खरे. पण ज्याला विमाच परवडत नाही त्याच्या रुग्णालयासाठी तेवढीच तत्परता कधी दिसली नाही.

काय केले पाहिजे?

पहिले कर्तव्य परदेशातल्या मराठी मंडळींचे आहे. म्युनिकपासून दुबईपर्यंत त्यांची मंडळे गणेशोत्सव उत्साहाने करतात, आणि ती वर्गणीवरच करतात. ज्याला नोकरी लागली नाही त्या विद्यार्थ्याकडून पैसे न घेताही त्याला प्रसादाला बोलावतात. हाच न्याय आरोग्याला लावण्यात अडचण कोणती? नव्याने येणाऱ्याला हप्त्याचे स्वस्त दर सांगण्याऐवजी निधीचे नियम, तीन महिन्यांची मुदत आणि पंचावन्नाव्या वर्षाचे दार, हे मंडळांनी मराठीत समजावून सांगावे. सभासद व्हायला सांगावे, आणि वरच्या पगारालाही वर्गणी लागू करण्याच्या तिथल्या मागणीला साथ द्यायला सांगावे.

दुसरे कर्तव्य भारत सरकारचे. जर्मनीशी झालेला सर्वंकष सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून अमलात आला, पण त्याचा रोख निवृत्तिवेतनावर आहे. आजारपणाचे संरक्षणही सीमेपलीकडे नेता आले पाहिजे, परतणाऱ्या कामगाराला मायदेशी प्रतीक्षेविना सामाजिक विम्यात प्रवेश मिळाला पाहिजे, आणि नोकरी गेली तरी सुरू असलेला उपचार पुरा होईपर्यंत विमा चालू राहील अशी अट आखाती देशांशी होणाऱ्या प्रत्येक श्रमकरारात घातली पाहिजे.

तिसरे आणि मुख्य कर्तव्य चळवळीचे आहे. कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा काढून टाका, अधिकाऱ्यापासून हमालापर्यंत सर्वांना एकाच निधीत आणा, ही मागणी कामगार संघटनांच्या जाहीरनाम्यातल्या शेवटच्या कलमातून पहिल्या कलमात आली पाहिजे. आमदार, सचिव आणि प्राध्यापक यांना ज्या दिवशी त्याच दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे लागेल, त्या दिवसापासून त्या दवाखान्याची गळकी छपरे दुरुस्त होऊ लागतील.

विम्याचा अर्ज भरताना परदेशातला तरुण स्वतःचे वय लिहितो आणि आजारांच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहितो. तो ‘नाही’ कायमचा नसतो. आज निरोगी असलेला प्रत्येक माणूस उद्याचा रोगी आहे. वर्गणी हे सत्य मान्य करून चालते, हप्ता ते लपवून. कोणत्या अर्जावर सही करायची हे ठरवताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.